मधली कोरी जागा

फेब्रुवारी महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी, शाळेच्या मुलांचा पहिला गट पाहून गेल्यावर आणि दुसरा यायच्या आत, वनस्पती-उद्यानाच्या थोरल्या काचगृहात, वायव्येकडच्या वाफ्यात, सत्तावीस वर्षे सांभाळलेल्या एका पाम वृक्षाला आयुष्यातला पहिला फुलोरा आल्याचे निदर्शनास आले. आणि तो फुलोरा चुकीचा होता. ‘चुकीचा’ हा शब्द शास्त्रात बसत नाही, हे शिडीवर उभ्या असलेल्या त्या निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञाला इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. झाड चुकत नसते. चुकते ते झाडाविषयी केलेले विधान, असे तो स्वतःच विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना बजावत आला होता, आणि हे वाक्य बजावताना उजव्या हाताची तर्जनी किती वर जाते याची नक्कल उद्यानातले कारकूनही करीत. तरीही चष्मा कपाळावर सरकवून, भिंग डोळ्याला लावून त्याने ती हिरवट वस्तू पाहिली तेव्हा मनात पहिला आला तो हाच शब्द, आणि तो लहान मुलाच्या हट्टासारखा पाय आपटीत तिथेच उभा राहिला. फुलोऱ्याला झाकणारे म्यान उभे चिरले होते. त्यातून बाहेर आले होते एकच अखंड कणीस: बिनफांद्यांचे, उंदराच्या शेपटीएवढे जाड, आणि त्यावर खळग्याखळग्यांत रुतून बसलेल्या कळ्या. फांदी एकही नाही. त्याने कणसाभोवती बोट फिरवून पाहिले; जणू फांद्या पलीकडच्या बाजूला लपून बसल्या असतील आणि नाव घेऊन हाक मारली की बाहेर येतील.

‘‘दिसलं का, साहेब?’’ खाली शिडी धरून उभ्या असलेल्या माळ्याने विचारले. ‘‘काल संध्याकाळी फुटलं म्यान. मी म्हटलं, आधी मिलिमीटरसाहेबांना कळवा, नाहीतर आपली धडगत नाही.’’ आणि टोपणनाव तोंडावर निसटल्याचे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

‘‘दिसलं,’’ तो म्हणाला.

‘‘मग उतरा आता. तुम्ही वर, आणि माझा जीव टांगणीला.’’

उतरावे असे त्याला वाटत नव्हते. काचेतून येणारा पांढुरका उजेड, ओल्या मातीचा आणि कुजक्या पालापाचोळ्याचा वास, कुठेतरी थेंब थेंब गळणारा नळ, हे सगळे रोजचे होते, आणि रोजच्या गोष्टींत थोडा वेळ उभे राहिले तर ही एक नवी गोष्ट आपोआप रोजची होऊन जाईल, अशी काहीशी त्याची समजूत असावी. खोडावर, त्याच्या गुडघ्याच्या पातळीला, एक जुने छिद्र होते. झाड लहान असताना कुणा उत्साही कामगाराने नावाची पट्टी थेट खोडात खिळ्याने ठोकली होती. तेव्हा त्याने अख्खे काचगृह डोक्यावर घेतले होते. आंब्याला, वडाला खिळा मारला तर साल सरकत येऊन त्याला गिळून टाकते. पामच्या कुळात ती सोय नाही. खोडाला नवे वेढे चढत नाहीत. जी जखम झाली ती झाड जितकी वर्षे जगेल तितकी वर्षे तशीच, त्याच मापाची, उघडी राहते. खिळा त्याने स्वतः पक्कडीने उपसला होता. छिद्र राहिले होते. त्यात आता एका कोळ्याने घर केले होते.

या झाडाचे नाव लॅटिनमध्ये त्याच्या मेहुण्याच्या नावाला शेपूट लावून तयार झाले होते. मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. लहानपणी झाडावर सरसर चढायचा म्हणून घरात त्याला ‘खारू’ म्हणत, आणि चाळिशी उलटून पोट सुटल्यावरही ते नाव सुटले नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी एका डोंगराळ खोऱ्यात संशोधनाच्या फेरीवर तो खारूला बरोबर घेऊन गेला होता. मुलगा रिकामा होता, परीक्षेत आपटला होता, आणि ‘‘त्याला जरा माणसात आणा,’’ असे पत्नीने सांगितले होते. खोऱ्यात पोचल्याच्या पुढच्या दिवशी त्याला स्वतःला ताप भरला. वनखात्याच्या पत्र्याच्या खोलीत तो घोंगडीखाली कुडकुडत पडून होता. वाटाड्याने सांगितले होते की पलीकडच्या कड्यावर, दरीवर झुकलेला, अखंड पानांचा एक पाम आहे. पामचे पान म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चिरफाळलेली झावळी येते. पान अखंड, फक्त टोकाशी माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले, असे पाम मोजके. त्यांना सगळ्यांनाच बिनफांद्यांचे एकेरी कणीस येते, हे तेव्हाही सर्वमान्य होते. खारू एकटा गेला आणि संध्याकाळी परतला तो पान घेऊन, खिसाभर फळे घेऊन, आणि झाडूसारखा फांद्याफांद्यांचा फुलोरा घेऊन. ‘‘त्याच झाडाचा?’’ असे त्याने तापात विचारल्याचे त्याला आठवत होते. आणि ‘‘मग काय शेजारच्याचा?’’ हे खारूचे उत्तरही आठवत होते. दोघे हसले होते. ताप असूनही तो हसला होता.

अखंड पान आणि फांद्यांचा फुलोरा. एवढ्याच दोन गोष्टी. पण जगात त्या कधी एका झाडावर आल्या नव्हत्या. नुसते पान हाती आले असते तर त्याने ते डोळे मिटून सखल जंगलातल्या एका जुन्या, सामान्य जातीच्या गठ्ठ्यात टाकले असते. नुसता फुलोरा आला असता तर ओढ्याकाठी जागोजाग उगवणाऱ्या चिरलेल्या पानांच्या पामचा म्हणून तोही गठ्ठ्यात गेला असता. त्या फुलोऱ्याचे ओढ्याकाठच्या जातीशी असलेले साम्य त्याच्या नजरेतून सुटले होते, असे त्याच्या शत्रूलाही म्हणता आले नसते. ते साम्य त्याने निबंधात दीड पान लिहिले होते. ते साम्य हाच तर त्याचा पुरावा होता. दोन कुळशाखांच्या मधला हरवलेला दुवा सापडला, एकीचे पान आणि दुसरीचे फूल अंगावर वागवणारा एक जुना पूर्वज कड्यावर उभा आहे, असे त्याने मांडले, आणि त्या मांडणीवर एक ग्रंथ, तीन वाद आणि अर्धे आयुष्य उभे केले. पुढे दोन वर्षांत ते खोरे धरणाच्या पाण्याखाली गेले. झाड पुन्हा कोणी पाहिले नाही. एका परदेशी टीकाकाराने, ज्याला तो घरी ‘शंकासुर’ म्हणे, एकच ओळ लिहिली होती: ‘हे झाड उभे असलेले कोणी पाहिले आहे काय?’ त्या एका ओळीला त्याने नऊ पानांचे उत्तर दिले होते. शंकासुर वारला तेव्हा, प्रतिपक्षाने रणांगण सोडल्यावर वाटते तसे, त्याला किंचित ओकेबोके वाटले होते.

आता शिडीच्या पायथ्याशी उभा राहून तो स्वतःशीच शंकासुराच्या बाजूने आणि स्वतःच्या बाजूने आळीपाळीने बोलू लागला. रोपवाटिकेत कुंड्यांची अदलाबदल झाली असेल. शक्य नाही: खारूच्या खिशातल्या फळांपैकी एकच बी रुजले, त्याची कुंडी त्याच्या स्वतःच्या टेबलाजवळच्या खिडकीत होती, आणि ते रोप वाफ्यात त्याने स्वतःच्या हातांनी लावले. पहिला फुलोरा विकृत असेल. असतो कधीकधी, पण विकृती फांद्या खुरटवते, कळ्यांना खळगे खोदून देत नाही. काचगृहातल्या उबेचा परिणाम असेल. हा युक्तिवाद एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर त्याने त्याला खोलीबाहेर काढले असते. एकेक दार तो स्वतःच लावीत गेला, आणि शेवटी उघडे राहिलेल्या एकाच दारासमोर येऊन थांबला. त्या दारात घोंगडीखाली हसणारा एक तापलेला माणूस होता.

वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाची इमारत बागेच्या पलीकडे होती. तिथली सध्याची प्रमुख त्याचीच जुनी विद्यार्थिनी. निवृत्तीनंतरही त्याचे टेबल तिने हलवू दिले नव्हते. ती जिन्यातच भेटली.

‘‘सर, पाहिलंत?’’

‘‘पाहिलं.’’

‘‘एकेरी कणीस आहे.’’

‘‘मला डोळे आहेत.’’

ती, दुखऱ्या दाताला जीभ लागू नये अशा बेताने, म्हणाली, ‘‘फोटो काढून घेतलेत. सोमवारी बागेच्या वार्तापत्रात जातील. सगळे विचारतायत. फोटोखाली नाव काय घालू?’’

‘‘जे आहे ते.’’

‘‘तेच विचारतेय सर. काय आहे?’’ आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने घाईघाईने जोडले, ‘‘माझ्याकडून घातलं जाणार नाही. तुमचं झाड आहे, तुम्ही सांगाल ते नाव. नाहीच सांगितलंत तर नुसतं ‘एक पाम’ म्हणून छापते. सोमवारपर्यंत थांबते मी.’’

एक पाम. दुवा नव्हे, पूर्वज नव्हे. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसासारखा, एक पाम. तिने हे दयेने सुचवले होते हे त्याला कळत होते, आणि दयेसारखी झोंबणारी वस्तू दुसरी नाही हेही कळत होते.

मूळ नमुना लाल काठाच्या वेष्टनात असतो. मूळ नमुना म्हणजे ज्या वाळक्या तुकड्यांवर त्या जातीचे नाव कायमचे टांगलेले असते तो कागद. झाडे मरतात, खोरी बुडतात, पण कागद उरला तर नाव उरते. पाम हे त्या दृष्टीने अडचणीचे गिऱ्हाईक. गवताची काडी कागदावर मुळासकट मावते; पामचे एक पान म्हणजे एका माणसाचे अंथरूण. म्हणून त्याचे तुकडे करावे लागतात: टोक, मध्य, देठ, खोडाला बिलगणारे आवरण, आणि फुलोरा वेगळा. तुकडे एका झाडाचे, याला साक्षीदार फक्त तोडणारा. बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर जोडायचे. त्याने वेष्टन उघडले. सत्तावीस वर्षांत हा कागद त्याने किती वेळा पाहिला असेल, पण प्रत्येक वेळी तो वाचला होता, पाहिला नव्हता. आज त्याने कर्कटक काढले, ज्याच्या दोन टोकदार पायांनी अंतर उचलून नेता येते ते, आणि आयुष्यात प्रथमच फुलोऱ्याच्या देठाची बुडाशी असलेली जाडी उचलून पानाच्या आवरणातल्या त्या खाचेशी नेली, जिथून झाडावर फुलोरा बाहेर पडायला हवा होता. देठ खाचेच्या जवळजवळ दुप्पट होता. वाळताना देठ आकसतो, फुगत नाही. कोणत्याही उपायाने तो देठ त्या खाचेतून कधीही बाहेर आला नसता. ज्याला उद्यान मिलिमीटर म्हणत होते त्याने हे एक माप घेतले नव्हते. का घेतले नाही, याचे उत्तर इतके साधे होते की त्याला ते स्वतःशी उच्चारायला वेळ लागला. परक्याने आणलेला नमुना असता तर त्याने देठापासून टोकापर्यंत उलटतपासणी केली असती. हा घरचा होता. घरच्या माणसाचे शब्द कोण मोजून घेतो?

कर्कटक उचलताना त्याला कागदावर ती छिद्रे दिसली. देठाच्या बुडाच्या दोन्ही अंगांना एकेक, टाचणीच्या टोकाएवढे. आणि खाचेच्या दोन्ही अंगांना पुन्हा एकेक. त्याची स्वतःची नव्हेत. तो कागदाला टोक लागू देत नसे. छिद्रांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. अशी छिद्रे पाडण्याची खोड संग्रहालयात एकाच व्यक्तीला होती. त्याची पत्नी त्या काळी तिथे चित्रकार होती. त्याच्या ग्रंथातले प्रत्येक चित्र तिचे. माप घेताना ती कर्कटक जरा जास्तच दाबायची, आणि त्यावरून तो तिला रागवायचा: ‘‘नमुन्याच्या कागदाला भोक म्हणजे साक्षीदाराचा डोळा फोडणं.’’ ‘‘बरं बाई, चुकलं,’’ असे ती त्याच्याच पट्टीत म्हणायची. पुढे तिची ती सवय गेली. इथे मात्र चारही छिद्रे खोल होती. एकदा नव्हे, पुनःपुन्हा टेकवून, खात्री होईपर्यंत टेकवून पाडलेली.

तो खुर्चीवर बसला. खोलीत कीटकनाशकाचा गोडसर वास होता. कपाटावर वर्षानुवर्षे या पामच्या, तिने काढलेल्या चित्राची छपाई लावलेली होती, आणि त्याला ती उठून पाहावी लागली नाही. डावीकडे पान, बारीकसारीक शिरांसकट. उजवीकडे फुलोरा, कळी, उभी कापलेली कळी, फळ. आणि मध्ये, जिथे प्रथेप्रमाणे अख्खे झाड उभे असायला हवे, तिथे काहीच नाही. कोरा कागद. चित्र पुरे झाले तेव्हा त्याने विचारले होते, ‘‘मधे झाड का नाही?’’ ती म्हणाली होती, ‘‘मी झाड पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी काढत नाही.’’ हे वाक्य त्याला इतके आवडले होते की त्याने ते जन्मभर वापरले. वर्गात, व्याख्यानात, शंकासुराला दिलेल्या उत्तरातही: ‘आमच्या चित्रकाराने न पाहिलेले झाड रेखाटण्यास नकार दिला, यावरून आमच्या पुराव्याची कडक शिस्त ध्यानात यावी.’ ज्या कोऱ्या जागेत ती ओरडत होती, ती जागा त्याने पदकासारखी छातीवर लावून मिरवली होती. आता त्या छापील चित्राकडे न पाहताच त्याला पान आणि फुलोरा यांच्यामधले अंतर स्पष्ट दिसले. किती विचारपूर्वक ठेवलेले अंतर होते ते. एका बाकावर दोन टोकांना बसलेली, एकमेकांशी ओळख नसलेली दोन माणसे.

आणि मग इतर गोष्टी न बोलावता येऊ लागल्या. खारू कड्यावर चढल्याची गोष्ट. घरात पाहुणे आले की ती होई. पहिल्या वर्षी तिच्यात नुसता निसटता दगड होता. तिसऱ्या वर्षी साप आला. दहाव्या वर्षी झाड मुळासकट हलले आणि खारू एका हाताने लोंबकळला. तो स्वतः ‘‘सांग रे खारू, सांग,’’ म्हणून भरीला घालायचा, आणि जाणत्या माणसाच्या उदारपणाने साप माफ करायचा. गोष्ट झाडाच्या बुंध्याशी पोचली की पत्नी उठायची. ‘‘चहा टाकते.’’ नेहमी तिथेच. चहा कितीही वेळा झालेला असो. तिला भावाची काळजी वाटते, दरीचे नावही तिला ऐकवत नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते आणि त्या ठरवण्यात त्याला तिच्याविषयी माया वाटली होती. ती माया आता परत कशी घ्यायची, याची कोणतीही पद्धत त्याला ठाऊक नव्हती. नाव रद्द करता येते. त्याला नियम आहेत, कलमे आहेत. सत्तावीस वर्षे चुकीच्या पत्त्यावर वाटलेल्या मायेचे काय करतात?

तो घरी गेला तेव्हा ऊन अजून खिडकीत होते. गुरुवार असल्यामुळे खारू आलेला होता. दर गुरुवारी तो बहिणीकडे जेवायला असे. पत्नी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फळीवर भाजी चिरत होती आणि खारू समोर बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे तिच्याकडून सोडवून घेत होता.

‘‘या दाजी. एवढ्या लवकर? बागेला कुलूप लागलं की तुम्हाला?’’

‘‘झाड फुललं,’’ तो म्हणाला.

‘‘कुठलं?’’

‘‘तुझं.’’

‘‘अरे वा. ऐकलंस ताई? माझं झाड वयात आलं. म्हणजे आता आमचा वंश चालणार. तुमच्या नावाची साधी गल्ली नाही दाजी, आणि आमचं बघा.’’

‘‘एकेरी कणीस आहे. फांद्या नाहीत.’’

चाकू थांबला. खारूचा चेहरा अजून हसतच होता. त्याला काही उमगले नव्हते. पण फळीवरचा चाकू थांबला होता, आणि त्या थांबण्याने तिच्या नवऱ्याच्या मनात उरलेली शेवटची फट बुजली. कर्कटकाची छिद्रे दुसऱ्या कुणाची असू शकतात, असे तो संग्रहालयापासून घरापर्यंत स्वतःला समजावत आला होता.

‘‘म्हणजे?’’ खारू म्हणाला.

‘‘तू आणलेल्या फुलोऱ्याला सात फांद्या होत्या.’’

‘‘असतील. मी काय मोजत बसलो होतो? जीव मुठीत धरून लटकलो होतो तिथं. तो साप...’’

‘‘खारू,’’ पत्नी म्हणाली, ‘‘पुरे.’’

तेव्हा कुठे खारूला आठवले. आणि हे आठवणे पाहणे हा त्या दिवसातला सर्वात वाईट भाग होता. खोटे लपवून ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो याची कल्पना करीत तो रस्ताभर आला होता. पण खारू आता काही लपवीतच नव्हता. तो ते केव्हाच विसरून गेला होता. त्याच्या लेखी तो कड्यावर चढला होता, साप खरा होता, आणि आता कुणीतरी येऊन त्याच्या आयुष्यातला एकुलता एक पराक्रम उचलून नेत होते. त्याचे पोट सुटलेले शरीर खुर्चीत हळूहळू खाली गेले.

‘‘पान त्याचंच होतं, दाजी,’’ तो म्हणाला. ‘‘आईशप्पथ. खाली पडलेलं होतं, ताजं. फळंही त्याच्याच बुडातली. फुलं तेवढी ओढ्यातली.’’

‘‘तेवढी.’’

‘‘त्या झाडाला फुलंच नव्हती हो. मी अर्धा तास उभा होतो खाली. चढायचं म्हटलं तर चढून काय आणू? आणि रिकाम्या हातानं आलो असतो तर तुम्ही गप्प पडून राहिला असतात? तापानं फणफणत होतात, तरी उठून कड्यावर गेला असतात. तुम्ही गेलाच असतात, मी ओळखत नाही का तुम्हाला? मग ताईला मी काय तोंड दाखवलं असतं?’’ तो थांबला. ‘‘मला वाटलं, फुलासारखं फूल. एवढं काय?’’

‘‘आणि नंतर?’’

‘‘नंतर तुम्ही माझं नावच देऊन बसलात. आता नाव ठेवून झाल्यावर मूलच नव्हतं, हे ज्याचं नाव त्यानं सांगायचं का? आणि ते बी रुजेल असं कुणाला वाटलं होतं? तुम्हीच म्हणाला होतात, पामचं बी चेंगट.’’

यातले एकही वाक्य खोडता येत नव्हते. वादात हरल्याची त्याला सवय नव्हती. पण हे हरणेही नव्हते, कारण समोर कुणी लढतच नव्हते. तो खरेच उठला असता. कड्यावर गेला असता. कदाचित पडला असता. ज्या लबाडीने आयुष्याचा गाभा पोखरला तिने कदाचित आयुष्य वाचवलेही होते, आणि एवढ्या घाऊक भावात दोन्ही एकदम मिळाल्यावर कशाबद्दल रागवायचे आणि कशाबद्दल आभार मानायचे, हे निवडून वेगळे करण्याची त्याच्यात ताकद नव्हती. त्याला एवढेच जाणवत होते की खारूवरचा राग हातात धरू म्हटले तरी टिकत नाही. ओल्या साबणासारखा तो निसटून पुन्हा पुन्हा टेबलाच्या त्या बाजूला जातो आहे, जिथे चाकू खाली ठेवून ती बसली होती.

खारू उठला. ‘‘ताई, मी जेवायला नाही थांबत.’’ दाराशी जाऊन तो वळला. ‘‘दाजी, म्हणजे नाव जाणार?’’

‘‘जाणार.’’

‘‘हं. माझ्या बैठकीत ते चित्र लावलंय, चौकटीत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.’’ त्याने पायांनी चपला चाचपल्या. ‘‘राहू दे तसंच. चित्र चांगलंय,’’ असे म्हणून तो गेला.

दार लागल्यावर घर एकदम मोठे वाटू लागले. चिरलेल्या भाजीचा हिरवा वास येत होता. तो तिच्यासमोर, खारूच्या खुर्चीत बसला. खुर्ची अजून उबदार होती. तिचे हात टेबलावर होते. या हातांचा त्याला अभिमान होता. ‘‘हिचे हात खोटं बोलत नाहीत,’’ असे तो लोकांना सांगायचा, आणि आता त्याला वाटले की हे विधानही जसेच्या तसे खरे आहे, त्यातला एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

‘‘तू मोजलं होतंस,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘केव्हा?’’

‘‘कागद हातात आला त्याच दिवशी. देठ बसेना. मला वाटलं, माझंच चुकतंय. पुन्हा मोजलं.’’

‘‘छिद्रं आहेत.’’

‘‘असतील,’’ ती म्हणाली. ‘‘मग खारूला विचारलं. तो रडायला लागला. नुकताच कुठं माणसात येत होता. म्हणाला, दाजींना सांगशील तर मी घर सोडून जाईन. मी म्हटलं, नाही सांगत.’’

‘‘एवढ्यासाठी?’’

‘‘एवढ्यासाठीच नाही.’’ तिने बोटाने फळीवरचा एक तुकडा सरळ केला. ‘‘तुम्ही त्या दिवसांत रात्री झोपेतसुद्धा हसायचात. मी तुम्हाला तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, आज नको. उद्या सांगू. मग निबंध छापून आला. मग पुस्तक. मग सांगण्यासारखं काही राहिलंच नाही, नुसतं मोडण्यासारखं राहिलं.’’

‘‘मी विचारलं होतं तुला. मधे झाड का नाही म्हणून.’’

‘‘मी खरं तेच सांगितलं.’’

‘‘हो. तेच तर.’’ त्याला वाटले होते आपला आवाज चढेल. तो चढला नाही. ‘‘तू खोटं बोलली असतीस तर मला कधीतरी कळलं असतं. खारूचं साप-बीप, ते लगेच कळतं. तू खरं बोललीस. खऱ्याचा असा वापर करता येतो हे मला माहीत नव्हतं. ते वाक्य मी लोकांना सांगत फिरलो.’’

‘‘मला ठाऊक आहे. मी पहिल्या रांगेत बसलेली असायचे.’’

हे ती कुरकुरीच्या सुरात म्हणाली नाही, क्षमा मागण्याच्याही नाही. रंगाचा हात फिरवून झाल्यावर ती जशी चित्रापासून दोन पावले मागे व्हायची, तशा अंतरावरून म्हणाली. पहिली रांग त्याला दिसली. तिचे गुडघ्यावर जुळवलेले हात, टाळ्या, आणि घरी येताना रिक्षात तिने नेहमी डोळे मिटून घेणे. दमली असेल, असे त्याने प्रत्येक वेळी ठरवले होते. त्याने तिला कधी मोजले नव्हते. जे सर्वांत जवळ होते तेवढेच त्याने न मोजता घेतले होते, आणि बाकी सगळ्या जगाला मात्र मिलिमीटरच्या पट्टीने भंडावून सोडले होते.

‘‘सोमवारी मी जुनं नाव सांगणार आहे,’’ तो म्हणाला. ‘‘सखल जंगलातली ती साधी जात. फोटोखाली तेच छापतील. आणि का, ते मी स्वतः लिहीन. फुलोरा कुणी आणला तेही लिहावं लागेल.’’

‘‘लिहा.’’

‘‘चित्राबद्दलही लिहावं लागेल.’’

‘‘लिहा. ते फुललेलं झाड मला एकदा दाखवा पण.’’

ऊन टेबलावरून सरकून तिच्या मनगटापाशी आले होते. वाद मिटवायचा झाला की तो दोन्ही बाजूंचे पुरावे समोर मांडून तिसऱ्याला निवाडा विचारायचा. आता या खोलीत तिसरे कोणी नव्हते, आणि जन्मभर ज्या एका नजरेवर त्याने भिस्त ठेवली होती ती समोरच बसली होती. ती नजर अजूनही अचूक आहे याबद्दल, सगळे कळल्यावरही, त्याच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. आणि हेच त्याला सर्वांत जास्त लागत होते.

‘‘तूच सांग,’’ तो म्हणाला. ‘‘खारूनं केलं ते, आणि तू केलंस ते. कुणाचं अधिक?’’

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात तशी ती पाहत राहिली.

‘‘माझं,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं एकदाच केलं.’’